पिवळ्या विमानाचा डावा पंख

१

पिवळ्या विमानाची फाइल पुसून कुणाच्या पदरात काय पडलं असतं, याचा हिशेब ताईंनी जिना चढता चढताच मांडायला घेतला. पायऱ्या बावीस, धड गुडघा एकच, त्यामुळे विचाराला वेळ भरपूर होता.

रंगारणीच्या पदरात सूड. धाकट्याच्या पदरात आठ दिवसांची सवलत, कारण त्याच्या विमानाची चाकं जमिनीला टेकताना अजून डुगडुगत होती. कप्तानांच्या पदरात एक जुनी जखम पुन्हा न पाहण्याची सोय. मिस्त्रींच्या पदरात भोपळा. विमा कंपनीसाठी तीस वर्षं अपघातांची तपासणी करून ताईंनी एकच नियम गाठीशी बांधला होता: ज्याचा फायदा नाही, त्याचं ऐकावं. निवृत्त झाल्यावर कंपनीने खुर्ची परत घेतली, गुडघा आणि नियम तेवढे ताईंकडे राहिले.

वर खोलीत धाकटा, म्हणजे ताईंचा पाठचा भाऊ, डोक्याला हात लावून बसला होता. खाली सायकलचं दुकान. हवा भरायच्या पंपाचा फुस्स फुस्स आवाज दर दोन मिनिटांनी येई आणि धाकट्याच्या उसाशात मिसळून जाई.

"ताई, घरात चोर निघाला गं."

"आधी पाणी दे. चोर कुठे पळत नाही. माझा गुडघा बघून तोही बसला असेल."

धाकटा, रंगारीण, एके काळी विमान उडवणारे कप्तान आणि त्यांच्याच क्लबचे जुने मिस्त्री, हे चौघं मिळून एक विमान बनवत होते. खरं नव्हे, संगणकावर उडवायचं. घरबसल्या विमान चालवायचा शौक असलेली माणसं मुलखावेगळी असतात. त्यांच्या सिम्युलेटरमध्ये मोठी विमानं आयती मिळतात, पण क्लबच्या धावपट्टीवरचं छोटं, चार सीटचं विमान हवं असेल तर ते अशाच कुठल्या तरी खोलीतून वेगळं बनून येतं. त्याला ते लोक ॲड-ऑन म्हणतात. आणि त्या विमानाच्या अंगावर चढणारे रंग, पट्टे, अक्षरं, ती त्याची लिव्हरी. धाकट्याच्या विमानाला अशा सात लिव्हऱ्या होत्या. सातवी पिवळी. शुक्रवारी विमान लोकांसमोर यायचं होतं, आणि मंगळवारी सकाळी पिवळीचं अख्खं फोल्डर नाहीसं झालं होतं.

"नक्कल ठेवत नाहीस?"

"ठेवतो ना. रोज पहाटे आपोआप होते." धाकट्याने फळीवरच्या हार्ड डिस्कच्या डबीकडे बोट दाखवलं. "सोमवारी कुणी तरी मूळ पुसलं, पहाटे डबीने मुकाट्याने तेच उतरवून घेतलं. तिथलंही गेलं."

"मालकापेक्षा इमानी नोकर. पासवर्ड?"

धाकट्याने पडद्याच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी दाखवली. ताईंनी कुलपावर टांगलेल्या किल्लीकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं.

सोमवारी चारपर्यंत रंगारीण होती. मग कप्तान येऊन तासभर दुसऱ्या लिव्हरीवर उडून गेले. सहाला मिस्त्री आले. धाकट्याने त्यांना पूर्ण झालेली पिवळी दाखवली, पडद्यावर गोल फिरवून, पालथी करून, पोटासकट. मग त्यांच्यासाठी तो चहा आणायला खाली गेला. आठला कुलूप.

"आणि रात्री तू एकटा."

"म्हणजे मीसुद्धा?"

"यादीत घालते. काढायला सोपं पडतं."

धाकट्याचा संशय ठरलेला होता. मागच्याच आठवड्यात रंगारणीने विमानाच्या माहितीत स्वतःचं नाव मागितलं होतं, त्याने 'बघू' म्हटलं होतं, आणि ती म्हणाली होती, "माझी पिवळी मी घेऊन जाईन, मग बसा बघत." आज संध्याकाळी तो तिला चौघांतून काढणार होता, तसं गटाच्या पानावर जाहीरही करणार होता.

"उद्या संध्याकाळपर्यंत थांब," ताई म्हणाल्या. "नाव काळं करायला वेळ लागत नाही, धुवायला लागतो."

बोलता बोलता त्यांची नजर भिंतीवर गेली. दोऱ्यांवर चिमट्यांनी बारा मोठे कागद लटकवायची सोय होती. कागद अकराच होते, आठवी जागा रिकामी.

२

रंगारीण घरीच सापडली, मुलीच्या वहीला पुठ्ठा घालत. बाप साइनबोर्ड रंगवायचा, त्याचा हात हिच्यात उतरला होता आणि त्याचा रागही.

"मला विचारायला आलात की निरोप द्यायला?"

"चहा प्यायला आले. विचारणं ओघाने होईल."

चहा येईपर्यंत राग निम्मा झाला. रंगारणीने आपलं काम समजावून सांगितलं. विमानाचं कातडं सोलून सपाट पसरावं, तसे त्या विमानाचे तुकडे तिला मिळत. शिंप्याकडे कापडाचे भाग असतात तसे. त्यावर ती थरावर थर चढवी: आधी रंग, मग पट्टे, अक्षरं, रिबिटांच्या रांगा, आणि सगळ्यात शेवटी मळ.

"मळ?"

"मळावरच तर सगळं. धूळ, तेल, काजळी. नाहीतर खेळणं दिसतं. मिस्त्रीकाका प्रत्येक लिव्हरीला माझ्या डोक्यावर बसलेत. 'पोरी, धुतलेलं विमान म्हणजे न उडालेलं विमान.' सहाच्या सहा मी परत मळवल्यात त्यांच्यापायी."

मळ थेट पडद्यावर काढायचा नाही, ही तिची रीत. आधी कातड्याचे तुकडे मोठ्या कागदावर छापायचे, फोटो समोर ठेवायचे आणि पेन्सिलीने नुसते ओघळ काढून त्यावर आकडे टाकायचे. एक म्हणजे धूळ, दोन तेल, तीन काजळी, चार किडे. कागदावर ना नाव, ना रंग. ही सगळी भाषा तिच्या डोक्यात.

"भिंतीवर आठवा कागद नाही," ताई म्हणाल्या.

रंगारीण चपापली. "आठवा? उजव्या पंखाची खालची बाजू. त्यावर काय होतं, धूळ आणि चार किडे! तो कोण नेईल?"

"फोटो कुठे आहेत?"

फोटो संगणकात चढवलेले, ते फोल्डरसोबत गेले. पण कागदी प्रती तिच्याकडे पाकिटात होत्या. कप्तानांच्या बायकोने एकोणीस वर्षांपूर्वी काढलेले, जुन्या रोलच्या कॅमेऱ्यातले. पाकीट ती रोज खोलीवर नेई आणि आणी. सोमवारी मात्र खोलीवरच विसरली होती, मंगळवारी घरी घेऊन आली.

ताईंनी फोटो मांडीवर घेतले आणि नोटा मोजाव्यात तसे अंगठ्याने मोजले. मग पुन्हा मोजले.

"रोल छत्तिसाचा. हे तेहतीस."

"शक्यच नाही. पंखाखालचे तीन होते ना, हे बघा, इथे..." रंगारणीने पत्ते पिसावेत तसे फोटो चाळले आणि तिचा हात थांबला. पोटाचा होता, शेपटीचा होता. पंखाखालचा एकही नव्हता.

"विकायला नेली असती," ताई उठता उठता पुटपुटल्या, "तर अख्खी नेली असती. हा मनुष्य निवडून नेतोय."

३

कप्तानांचं झेरॉक्सचं दुकान शाळेसमोर होतं. विमान उडवणारा हात आता झाकण उघडी, कागद ठेवी, झाकण मिटी.

"किती प्रती?" त्यांनी मान वर न करता विचारलं. मग वर केली. "अरे, ताई! या. तुमच्या त्या कागदाची प्रत आहे माझ्याकडे, हवी असली तर."

टोमणा होता, पण धार गेलेला. एकोणीस वर्षांत बोथट झालेला. तो कागद म्हणजे ताईंचाच अहवाल. क्लबचा खुला दिवस, लोकांना पंधरा पंधरा मिनिटांच्या फेऱ्या, तिसऱ्या फेरीत झाडांच्या उंचीवर इंजिन बंद आणि पिवळं विमान शेतात. मागच्या सीटवरच्या मास्तरांचं कंबरडं मोडलं. उजवी टाकी भरलेली, डावी कोरडी, इंजिन डावीवर लावलेलं. पंख इतके फाटले होते की गळती आधीची की नंतरची, हे कुणालाच सांगता येईना. ताईंनी लिहिलं: उड्डाणापूर्वी टाक्या तपासल्याचं दिसत नाही. त्या एका ओळीवर कप्तानांचा परवाना गेला.

"पिवळीची फाइल गेली, कळलं ना?"

"कळलं." कप्तानांनी यंत्र बंद केलं. त्याची गुणगुण थांबली तसं दुकान एकदम म्हातारं वाटलं. "मीच पुसली असं म्हणायला आलात?"

"तुम्हाला बघवत नसेल, असं एक मत आहे."

"उलट आहे हो." ते स्टुलावर बसले. "सकाळी पंखावर चढून टाकीत दांडी बुडवायची, पेट्रोल कुठवर आहे बघायचं. बावीस वर्षं रोज केलं. त्या दिवशीही केलं, असं मी चौकशीत शपथेवर सांगितलं. पण लोकांनी इतक्या वेळा विचारलं, इतक्या वेळा विचारलं की आता मलाच आठवत नाही. डोळे मिटले की कधी दांडी दिसते, कधी नाही दिसत. धाकट्याच्या विमानात बाहेर उतरून पंखाशी जाता येतं, दांडीही बुडवता येते. म्हटलं, पिवळ्याजवळ एकदा उभं राहावं आणि बघावं, हात आपणहून कुठे जातो ते. तेवढंच हवंय मला. मग झोपेन म्हणतो."

ताईंनी कामाचं विचारलं. "फोटो वहिनींनी काढलेले?"

"त्याच सकाळी. नऊच्या सुमारास. तिला पोटाखालचे फोटो काढायची हौस, गवतात आडवी पडायची. मी पाकीट कधी उघडलं नाही. तसंच त्या पोरीला दिलं. बाकी तिचा डबा तसाच आहे कपाटात, रिळं, भिंगं, काय काय."

ताई उंबऱ्यावर थबकल्या. तेव्हाही त्यांनी नियमाने काम केलं होतं. कप्तानांना खोटं बोलून परवाना वाचवायचा होता, म्हणून त्यांचं ऐकलं नव्हतं. ज्याचा फायदा नाही अशा एका माणसाला विचारलं होतं. तो म्हणाला होता, विमान ठीक होतं.

त्या माणसाच्या घरी त्यांना आता जायचं होतं.

४

मिस्त्री अंगणात पंखा खोलून बसले होते. क्लबमधून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, हात अजून रिकामे राहायला शिकले नव्हते. जमिनीवर फडकं, फडक्यावर स्क्रू, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडलेले.

"बेअरिंग गेलंय," ते म्हणाले. "तेवढंच काढायचं. लोक सगळं खोलून बसतात. जे बिघडलं तेवढंच काढावं, बाकीच्याला हात लावू नये."

आतून सूनबाई आल्या. "ताई, चहा टाकू? बाबांना गरम पाणी. चहा सोडून वर्ष झालं त्यांना, ॲसिडिटीपायी. वासही सोसत नाही."

"मलाही गरम पाणीच चालेल," ताई म्हणाल्या आणि ओट्यावर टेकल्या. बराच वेळ त्यांनी काही विचारलं नाही. माणसाला गप्प बसवत नाही, हा त्यांचा दुसरा नियम. तो अजून फसला नव्हता.

"फाइलचं वाईट झालं," अखेर मिस्त्रीच बोलले. "पण एवढं काय त्यात! आधीची स्वच्छ पिवळी आहे की कप्तानांच्या मशीनवर, मळाच्या आधीची. तीच द्या म्हणावं शुक्रवारी. विमान कसं, धुतलेलंच बरं दिसतं."

ताईंनी पाण्याचा घोट घेतला. जरा गरम होता.

"धाकटा त्या पोरीला काढतोय, मिस्त्री. चोर म्हणून."

मिस्त्रींच्या हातातला स्क्रू फडक्यावर पडला. त्यांनी तो उचलला, पण ठेवताना क्रम चुकला. स्वतःच्या लक्षातही आलं नाही.

"पोर चांगली आहे," ते म्हणाले. "तिला कशाला?"

"मग कुणाला?"

पंख्याचं पातं हाताने फिरवत मिस्त्री म्हणाले, "जाऊ द्या ना, ताई. जुनं विमान. आता कुणाला काय मिळणार त्यातून?"

परतीच्या वाटेत ताईंना आठवलं. अगदी हेच वाक्य, याच थकलेल्या आवाजात, एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच त्याच माणसाबद्दल म्हटलं होतं. याला काय मिळणार त्यातून?

५

बुधवारी सकाळी ताईंनी रंगारणीला खोलीवर बोलावलं. धाकटा तोंड फिरवून चाकं दुरुस्त करत बसला. आजही ती डुगडुगतच होती.

ताईंनी अकरा कागद एकेक करून वाचले. पाढे म्हणावेत तसे आकडे. एक, एक, तीन, दोन, चार. सगळीकडे तेच. फक्त सातव्या कागदावर, पंखाच्या मुळाशी, एका लांब ओघळावर होतं पाच.

"पाच म्हणजे?"

"ते मलाच कळलं नाही," रंगारीण म्हणाली. "निळसर होतं. वाटलं, कुठल्या तरी रंगाचा ओघळ आला असेल. दिसलं तसं काढलं."

ताई खाली बसल्या. मोटारीच्या पेट्रोलपासून वेगळं ओळखू यावं म्हणून छोट्या विमानांच्या पेट्रोलला निळा रंग घातलेला असतो. ते गळलं की उडून जातं, निळा डाग मागे ठेवून. हे ताईंना ठाऊक होतं. रंगारणीला नव्हतं, म्हणूनच तिने तो प्रामाणिकपणे काढला होता.

"सातवा कुठला भाग?"

"डाव्या पंखाची खालची बाजू."

"मग चोराने आठवा का नेला?" धाकट्याने मान वळवली. "डाग डाव्यावर, आणि नेला उजवा? गाढवच असला पाहिजे."

"नाही रे. गाढव नाही. सवय आहे ती." ताईंनी चष्मा काढला. "पोरी, हे खालच्या बाजूचे कागद तू कसे मांडतेस?"

"वरून बघितल्यासारखे. विमान काचेचं आहे असं धरायचं, नाक वर. वरचा आणि खालचा पट्टा कडेला जुळला पाहिजे ना, म्हणून. डावा पंख डावीकडे, उजवा उजवीकडे."

"धाकट्या, ते टेबल रिकामं कर. आणि मला आडवं व्हायला मदत कर."

"काय?"

"ऐकायला कमी येतं की मलाच वेड लागलंय?"

टेबलावर खेळण्यातलं विमान ठेवावं तसा पुठ्ठ्याचा आकार ठेवला, नाक भिंतीकडे. डाव्या पंखावर ताईंनी टाचणी टोचायला लावली. मग गुडघ्याला शिव्या घालत त्या टेबलाखाली उताण्या झाल्या, डोकं भिंतीकडे. पुठ्ठा त्यांनी टेबलाच्या कडेबाहेर सरकवून घेतला.

"आता बघ. विमान माझ्या डोक्यावर आहे. टाचणी माझ्या कुठल्या हाताला?"

धाकटा वाकला. "उजव्या."

"विमानात बसून बघणाऱ्याला डावा पंख डावीकडे. वरून बघणाऱ्यालाही डावीकडे. पण जन्मभर ज्याने विमान असं उताणं पडून खालून बघितलं, त्याला पोटाच्या चित्रात डावा पंख नेहमी उजव्या हाताला. भिंतीवर आकडेच आकडे, नाव नाही, रंग नाही. घाईत त्याने उजव्या हाताचा कागद काढला. तेवढाच. जे बिघडलं तेवढंच." त्या क्षणभर थांबल्या. "तूही नाहीस, कातडं सोलून देतोस तूच. हीही नाही, कागद हिचेच. कप्तान असते तर सीटवरून डावा धरला असता. आता मला बाहेर काढा."

खाली पंप दोनदा फुसफुसला.

"पण चहा..." धाकटा पुटपुटला. "चहा त्यांनी स्वतः मागितला होता."

"वर्षभर चहाला शिवला नाही तो माणूस. तुला खाली पाठवायला दुसरं काही सुचलं नसेल. मला बाहेर काढणार आहात का इथेच चौकशी बसवायची?"

धाकट्याने त्यांना उचललं. मग तो रंगारणीकडे वळला, आणि तसाच पुन्हा चाकांकडे गेला.

"पण हे सगळं माझ्या पेन्सिलीवर," रंगारीण म्हणाली. "फोटो कुठे आहेत? कोण मानणार?"

ताई कपडे झटकत होत्या. त्यांचा हात थांबला. "रिळं," त्या म्हणाल्या. "कप्तान म्हणाले, डब्यात रिळं आहेत."

६

संध्याकाळी सगळे खोलीत जमले. कप्तान डबा मांडीवर घेऊन बसले होते, झाकणावर दोन्ही हात. मिस्त्री दाराजवळच्या स्टुलावर.

निगेटिव्हच्या पट्ट्या कप्तानांनी स्वतः काढल्या. ताईंनी एक पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. निगेटिव्हमध्ये जग उलटं असतं. पिवळं विमान निळं दिसत होतं, आकाश मातकट, कप्तानांचा पांढरा शर्ट काळा. तीन चौकटी खालून काढलेल्या. तिन्हींत पंखाच्या मुळाशी, निळ्या पडलेल्या पिवळ्यावर, एक लांब पिवळट ओघळ.

"उलटं करा, म्हणजे निळा," रंगारीण हळूच म्हणाली.

कुणी मिस्त्रींकडे बघितलं नाही. तेच उठले. खिशातून चार घड्या घातलेला कागद आणि तीन फोटो काढून त्यांनी टेबलावर ठेवले.

"जाळायचे होते," ते म्हणाले. "वहिनींनी काढलेले. हात धजला नाही."

"डाग कधी दिसला तुम्हाला?" ताईंनी विचारलं.

"आदल्या संध्याकाळी. टाकीची शिवण सुटत होती. लेप लावला, पुसून काढलं, रात्रीत परत ओघळलं. सकाळी टाकी पुन्हा भरली. क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, आज शंभर लोक आलेत, सोमवारी बघू. मीही म्हटलं, सोमवारी बघू. विमान ठीक म्हणून वहीत सही केली." मिस्त्री एवढं सगळं एका दमात बोलले, वर्षानुवर्षं पाठ केल्यासारखं. "लेप हवेत सुटला असणार. त्या विमानाचा पेट्रोलचा काटा तर कधीच खरं बोलला नाही."

"तुम्हाला काय मिळालं हो त्यातून?" ताईंचा आवाज त्यांच्या इच्छेपेक्षा मोठा निघाला. "मी तुम्हाला विचारायला आले होते. मोटारसायकलवरून, उन्हात. तुम्ही म्हणालात, विमान ठीक होतं."

"मिळालं काहीच नाही, ताई. जे होतं ते राहिलं. नोकरी, पेन्शन, लोक मिस्त्री म्हणतात ते."

फायदे ताईंनी जन्मभर काटेकोर मोजले होते. कुणाचं काय जायचं वाचलं, तो रकानाच त्यांच्या वहीत नव्हता.

कप्तानांनी डब्याचं झाकण मिटलं. ते रागावतील, असं धाकट्याला वाटलं, आणि तो मध्ये पडायला पुढेही झाला. पण कप्तानांनी फक्त विचारलं, "मिस्त्री, तुम्ही त्या सकाळी हँगरच्या दारात होता ना?"

"होतो."

"मी दांडी बुडवली होती का?"

मिस्त्रींनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं.

"बुडवली होती. शिडी मीच धरली होती, साहेब. आधी उजवी, मग डावी. दांडी पुसून तुम्ही खिशातल्या रुमालाला हात पुसलात आणि मला म्हणालात, दोन्ही काठोकाठ. तिसऱ्या पायरीवर तुमचा बूट घसरला होता, तेव्हा मी धरलं तुम्हाला."

"हो," कप्तान म्हणाले. "बूट घसरला होता." मग पुन्हा, स्वतःशीच, "घसरला होता खरा."

त्यांनी रुमाल काढला. हात पुसायला नव्हे.

रंगारणीने कप्तानांना विचारलं, "काका, मग पिवळी कशी करू? धुतलेली की..."

"डाग ठेव," कप्तान म्हणाले. "होता तसा. होता तिथे."

७

शुक्रवार हुकला. विमान सोमवारी बाहेर आलं. निगेटिव्हवरून नव्या प्रती निघाल्या आणि रंगारणीने पाचव्या आकड्याला आता नाव दिलं होतं.

सर्वांच्या आधी कप्तान बसले. पडद्यावर गवत, धावपट्टी, पिवळं विमान. ते आत चढले नाहीत. बाहेरूनच चालत डाव्या पंखाखाली गेले, नजर वर केली. निळा ओघळ तिथे होता. ते त्याच्याकडे बघत राहिले. मग मागे आले, शिडी लावली आणि आधी उजवी, मग डावी, दोन्ही टाक्यांत दांडी बुडवली. कुणी सांगितलं नव्हतं.

"काठोकाठ," ते म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले. उडवलं नाहीच त्यांनी. म्हणाले, "उद्या. आज झोपतो जरा."

ताईंनी कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने चार ओळी लिहून आणल्या होत्या. आपला जुना अहवाल चुकीचा होता, एवढंच. कंपनी तो वाचणार नव्हती, परवानाही परत येणार नव्हता. खाली त्यांची सही होती, आणि तिच्याखाली मिस्त्रींची, वहीतल्यासारखीच ठळक. कप्तानांनी कागद उजेडात धरून वाचला, मग सवयीने विचारलं, "किती प्रती काढू?"

"एक मास्तरांना द्या," ताई म्हणाल्या. "काठी घेऊन चालतात अजून."

बावीस पायऱ्या उतरताना ताईंनी कुणाला हे कितीला पडलं, याची बेरीज केली. धाकट्याला तीन दिवस पडले, आणि माफी, जी त्याने अखेर विमानाच्या माहितीत रंगारणीचं नाव सगळ्यांत वर टाकून चुकती केली. रंगारणीला एका लिव्हरीचं काम दोनदा. मिस्त्रींना हे खोलीवर येणं, कारण बुधवारनंतर ते आले नव्हते आणि बोलवायची हिंमत कुणात नव्हती. ताईंना एक गुडघा, आणि तीस वर्षं ज्यावर भरवसा ठेवला तो नियम. मास्तरांना कंबर.

बाकीचं सगळं कप्तानांनी आधीच भरलेलं होतं. एकोणीस वर्षं, एकही दिवस न चुकवता, मिस्त्रींच्या सहीवर.